कीटोन विद्रावके आणि कामगारांचे आरोग्य

रंग, छपाईची शाई, रेक्झिन व चिकटद्रव्ये यांच्या निर्मितीत कीटोन वर्गातील विद्रावकांचा मोठा उपयोग होतो. त्यांतील मिथिल इथिल कीटोन कारखान्यात ‘एम.ई.के.’ या आद्याक्षरांनीच ओळखले जाते. त्याची वाफ हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असते. त्यामुळे ती जमिनीलगत पसरते व दूरच्या ठिणगीनेही पेट घेते. डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे, डोके दुखणे ही तिची नेहमीची लक्षणे होत. त्वचेतील स्निग्धांश निघून गेल्याने हात भेगाळतात, ते वेगळेच.

परंतु सर्व कीटोने सारखी नव्हेत. अमेरिकेत ओहायो राज्यातील कोलंबस येथे, लेपित कापड तयार करणाऱ्या एका कारखान्यात १९७२ साली मिथिल आयसोब्युटिल कीटोनऐवजी मिथिल एन-ब्युटिल कीटोन वापरात आले. दोहोंचे रेणुसूत्र एकच. अणूंची मांडणी तेवढी निराळी. १९७३ मध्ये कामगारांच्या हातापायांतील बळ व संवेदना कमी होऊ लागल्याचे आढळले. १,१५७ कामगारांच्या तपासणीत ८६ जणांना मज्जातंतूंचा विकार जडल्याचे निश्चित झाले. शरीरात या विद्रावकापासून २,५-हेक्झेनडायोन तयार होते आणि ते मज्जातंतूंना अपाय करते. हेक्झेनपासूनही तेच द्रव्य बनते. एम.ई.के.पासून ते बनत नाही. मात्र मिश्रणात ते या दोघांचा अपाय वाढविते. म्हणून डब्यावर नुसते ‘थिनर’ लिहिलेले पुरेसे नाही, घटकांची नावे मागून घ्यावीत.

कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये १९८७ साली झालेल्या दुरुस्तीने एम.ई.के.च्या वाफेची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने हवेच्या दशलक्ष भागांत २०० भाग व पंधरा मिनिटांपुरती ३०० भाग अशी ठरविण्यात आली होती. ही मर्यादा नाकाने जोखता येत नाही. नाक वासाला लवकरच सरावते. त्यासाठी हवेचे मापनच करावे लागते.

वाफ निघते तेथेच ती ओढून घेणारी शोषण-व्यवस्था हा खरा उपाय होय. नाकावर बांधलेला रुमाल धूळ अडवील, वाफ नव्हे. हातावरील रंग विद्रावकानेच पुसण्याची सवयही सोडावयास हवी, आणि नेमकी तीच सर्वांत चिवट असते. बोटांना मुंग्या येणे, पकड ढिली होणे, चालताना पाऊल अडखळणे असे काही जाणवल्यास कामगाराने त्याच दिवशी कारखान्याच्या डॉक्टरांना दाखवावे. कारण हा विकार संपर्क थांबल्यानंतरही काही काळ वाढत राहू शकतो.