पोकेमॉन, पट्टेरी मण्यार आणि लिंगनिश्चितीचे नियम



आपल्या स्मरणिकेत मधुमेह, उच्च रक्तदाब आणि हृदयविकार या विषयांवर अभ्यासपूर्ण लेख नेहमीच येतात. यंदा मी विषय थोडा निराळा घेतला आहे. 'पोकेमॉन' हे नाव घरात लहान मूल असलेल्या, किंवा कधीकाळी असलेल्या, प्रत्येकाला परिचित आहे. या जपानी व्हिडिओ गेममध्ये खेळाडू शेकडो काल्पनिक प्राणी पकडतो, पाळतो, झुंजवतो आणि त्यांची अंडीही उबवतो. या प्राण्यांमध्ये नर-मादी असा भेद आहे आणि तो कसा ठरावा याचे पक्के नियम निर्मात्यांनी घालून दिले आहेत. हे नियम पाहताना मला जाणवले, की लिंगनिश्चितीचा धडा समजावून सांगण्यास इतके सोपे साधन क्वचितच मिळेल. हा धडा केवळ मुलांसाठी नाही. पहिली वा दुसरी मुलगी झाली की दोष सुनेच्या पदरात टाकण्याची रीत अजून आपल्यातून गेलेली नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू त्या रीतीकडे शास्त्राच्या अंगाने पाहण्याचा आहे.

खेळातील नियम

१९९६ साली जपानमध्ये हा खेळ प्रथम आला तेव्हा त्यात लिंगभेद जवळजवळ नव्हताच. अपवाद निडोरान या प्राण्याचा. त्याचे नर आणि मादी अशा दोन स्वतंत्र जाती म्हणूनच दाखवल्या होत्या. १९९९ साली आलेल्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' या भागांत अंडी उबवण्याची सोय झाली, आणि त्याबरोबर प्रत्येक जातीला लिंगाचे एक ठरावीक प्रमाण देण्यात आले.

पिकाचूसारख्या अनेक जातींत नर आणि मादी निम्मे निम्मे असतात. खेळाच्या आरंभी खेळाडूला मिळणारे बल्बासॉर, चारमँडर, स्क्वर्टल हे प्राणी मात्र आठांपैकी सात वेळा नर निघतात आणि एकदाच मादी. चान्सी आणि मिल्टँक या जातींत सगळ्या माद्याच, तर टॉरॉसमध्ये सगळे नरच. मॅग्नेमाइटसारख्या लोहचुंबकी प्राण्याला लिंगच नाही. पिल्लू सामान्यतः आईच्या जातीचे होते. ते नर की मादी, हे मात्र आई ठरवत नाही आणि बापही नाही. संगणक एक अंक काढतो आणि त्या जातीच्या प्रमाणाशी तो ताडून पाहतो. इतकेच.

यातून एक गंमत घडली. अझुरिल या पिल्लात चारांपैकी तीन माद्या असत, तर त्याचे मोठे रूप असलेल्या मॅरिलमध्ये नर-मादी समसमान. अंक तोच राहिला, पण मोजपट्टी बदलली. परिणामी दर तीन माद्यांपैकी एक अझुरिल वाढली की नर होत असे! २०१३ सालच्या भागांत ही गोष्ट दुरुस्त करण्यात आली. मासे अभ्यासणाऱ्यास मात्र तिचे नवल वाटणार नाही, हे पुढे येईलच.

दुबळेपणाची गाठ आणि ती कशी सुटली

आपल्या दृष्टीने सर्वांत बोलकी गोष्ट १९९९ च्या भागांतील आहे. त्या भागांत लिंगासाठी स्वतंत्र अंक ठेवलेलाच नव्हता. प्राण्याच्या आक्रमणशक्तीचा जो जन्मजात अंक, ० ते १५ मधला, त्यावरूनच लिंग ठरे. निम्मे निम्मे प्रमाण असलेल्या जातीत ० ते ७ अंक आला तर मादी, ८ ते १५ आला तर नर. सातास एक प्रमाण असलेल्या जातीत तर केवळ ० किंवा १ अंक आला तरच मादी. म्हणजे मादी व्हायचे तर आक्रमणशक्ती कमी असलीच पाहिजे, अशी गाठ नियमातच मारली गेली होती. मादी दुबळी असे ती मादी असल्यामुळे नव्हे. दुबळा अंक आला की त्या प्राण्याला 'मादी' म्हटले जाई.

२००२ साली 'रूबी' आणि 'सफायर' हे भाग आले तेव्हा लिंगाचा संबंध एका वेगळ्या अंकाशी जोडला गेला आणि ही गाठ सुटली. तेव्हापासून मादीही नराइतकीच बलवान निघू लागली. दुबळेपणा प्राण्यात नव्हता, तो मोजणीच्या रीतीत होता, हे येथे स्वच्छ दिसते. मुलगी मुळातच अशक्त, असे मानून तिच्या ताटात कमी वाढणाऱ्या आणि मग तिच्या अशक्तपणाचा दाखला देणाऱ्या घरांना ही गोष्ट सांगण्याजोगी आहे.

निसर्गाच्या रीती अनेक

खेळ काल्पनिक असला तरी निसर्ग त्याच्याहून अद्भुत आहे. लिंग ठरवण्याची एकच एक रीत निसर्गात नाही.

मगरीचे पाहा. संगारेड्डीजवळच्या मांजरा अभयारण्यात आढळणाऱ्या आपल्या मगरीच्या अंड्यात नर की मादी हे ठरवणारे गुणसूत्रच नसते. ते ठरते घरट्यातील उष्णतेवर. सुमारे ३२.५ अंश सेल्सिअसच्या आसपास नर निपजतात, आणि ३१ अंशांच्या खाली सगळ्या माद्या. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांची रीत उलटी. वाळू तापली की माद्या अधिक, वाळू थंड असली की नर अधिक. वाढत्या तापमानाच्या काळात या प्राण्यांचे काय होणार, हा प्रश्न म्हणूनच गंभीर आहे.

आपल्या गच्चीवरील कुंडीच्या मातीत सापडणारा, गांडुळासारखा दिसणारा वाळा साप घ्या. या जातीत माद्याच असतात. नराशिवाय त्यांची प्रजा होते. खेळातल्या चान्सीला निदान दुसऱ्या जातीचा नर लागतो, वाळ्याच्या मादीला तोही लागत नाही.

मधमाशीची तऱ्हा आणखी वेगळी. उंच इमारतींच्या सज्ज्याखाली लटकणारी आग्या मोहोळे आपण हैदराबादेत पाहतो. राणीने घातलेल्या अंड्याचे फलन झाले तर मादी, न झाले तर नर. पोळ्यात राबणाऱ्या हजारो कामकरी माश्या सगळ्या माद्याच. पोकेमॉनमध्ये कॉम्बी नावाची मधमाशी आहे, तिच्यात मात्र आठांत सात नर आणि एखादीच मादी, आणि राणी होण्याचा मान त्या एकटीला. खेळाने पोळ्याचा हिशेब उलटा मांडला असला, तरी राणीचे दुर्मीळपण अचूक टिपले आहे.

प्रवाळातील केशरी-पांढरे क्लाउनफिश सारे नर म्हणून वाढतात. गटातील मुख्य मादी मेली की तिच्या जोडीदार नराचे रूपांतर मादीत होते. रॅस कुळातील अनेक माशांत याच्या उलट, मादीचा नर होतो. अझुरिलची गंमत समुद्रात अशी रोज घडते.

हैदराबादचे योगदान

या विषयाशी आपल्या शहराचे नाते घनिष्ठ आहे, आणि ते आपल्या मुलांना ठाऊक असायला हवे. हबसीगुडा येथील सीसीएमबी, म्हणजे सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायोलॉजी, या संस्थेचे १९९८ ते २००९ या काळातील संचालक डॉ. लालजी सिंग (१९४७–२०१७) यांनी संशोधनाचा आरंभ केला तो बनारस हिंदू विद्यापीठात, सापांच्या गुणसूत्रांवर.

मनुष्यात पुरुषाची गुणसूत्रे एक्स-वाय आणि स्त्रीची एक्स-एक्स, हे आपण जाणतो. सापांत आणि पक्ष्यांत याच्या उलट आहे. तेथे नराची जोडी सारखी, झेड-झेड, आणि मादीची वेगळी, झेड-डब्ल्यू. म्हणजे पिल्लाचे लिंग आईच्या अंड्यावरून ठरते. डॉ. सिंग यांनी सहकाऱ्यांसह पट्टेरी मण्यारीच्या मादीत डब्ल्यू गुणसूत्रावर पुनःपुन्हा येणारा डीएनएचा एक अनुक्रम शोधला. पट्टेरी मण्यारीच्या इंग्रजी नावावरूनच त्याला 'बीकेएम' हे नाव पडले. तसेच अनुक्रम पुढे उंदराच्या वाय गुणसूत्रावरही आढळले. सापात मादीचे आणि उंदरात नराचे असे लिंगगुणसूत्र एकाच खुणेने ओळखता यावे, हे त्या काळी मोठे कुतूहलाचे ठरले. लिंग ठरवणारे प्रत्यक्ष जनुक मात्र १९९० साली वेगळेच सापडले. मनुष्याच्या वाय गुणसूत्रावरील त्या जनुकाला एसआरवाय म्हणतात.

पण मण्यारीचा तो अभ्यास वाया गेला नाही. हे पुनरावर्ती अनुक्रम प्रत्येक व्यक्तीत निराळे असतात, हे लक्षात आल्यावर सीसीएमबीत १९८८ च्या सुमारास त्यांच्यावर आधारित डीएनए ठसे घेण्याची देशी पद्धत तयार झाली. पितृत्वाचे वाद आणि गुन्ह्यांचा तपास यांत ती न्यायालयापर्यंत पोहोचली. नर-मादी कसे ठरतात हे विचारत निघालेला अभ्यासक 'बाप कोण' हे सांगणाऱ्या चाचणीपर्यंत आला. मूलभूत संशोधनाचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांना याहून चांगले उत्तर नाही.

आजीबाईंचा प्रश्न

एकदा माझ्या दवाखान्यात नातीला घेऊन आलेल्या एका आजीबाई म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, अंडं कोंबडीच देते ना? मग नर का मादी ते तिच्याच पोटात ठरतं. सुनेला नाही विचारायचं तर कोणाला विचारायचं?"

मी म्हणालो, "आजी, कोंबडीचं तुम्ही अगदी बरोबर सांगितलंत. पण माणसाचा कायदा कोंबडीचा नाही."

खरोखरच, कोंबडीच्या बाबतीत आजीबाईंचे म्हणणे शास्त्राला धरून होते. झेड की डब्ल्यू हे कोंबडीच्याच बीजात ठरते. मनुष्यात मात्र आईचे प्रत्येक बीज एक्सच घेऊन येते. बापाच्या शुक्राणूंपैकी सुमारे निम्मे एक्सचे आणि निम्मे वायचे असतात. वाय पोहोचला तर साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यात एसआरवाय जनुक जागे होते आणि तोवर दोन्ही वाटा मोकळ्या असलेली जननग्रंथी वृषण होऊ लागते. न पोहोचला तर सामान्यतः अंडाशय घडतो. आईकडे येथे निवड करण्यासारखे काही नसतेच.

येथे एक सावधगिरी हवी. "मग दोष मुलाचा" असे सासूबाईंनी म्हणावे, हाही या ज्ञानाचा अर्थ नव्हे. कोणता शुक्राणू आधी पोहोचावा हे बापाच्याही हाती नाही. खेळात संगणक अंक काढतो, तसाच निसर्ग येथे अंक काढतो. ज्यात कोणाची इच्छाच चालत नाही, त्यात दोष कोणाचा?

प्रमाण बिघडवणारे आपण

निसर्गाने मनुष्यास दिलेले प्रमाण साधारण १०० मुलींमागे १०५ मुलगे, म्हणजे १,००० मुलग्यांमागे सुमारे ९५० मुली असे आहे. सहा वर्षांखालील मुलांत हा आकडा १९९१ साली भारतात ९४५ होता, २००१ साली ९२७ झाला आणि २०११ साली ९२० च्याही खाली गेला. महाराष्ट्रात १९९१ साली ९४६, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ९०० च्या खाली. १९८८ साली गर्भलिंग चाचणीविरुद्ध देशात पहिला कायदा करणारे राज्य महाराष्ट्रच होते, हे ध्यानात घेता हे आकडे अधिकच टोचतात. केंद्राचा कायदा १९९४ सालचा. २००३ च्या दुरुस्तीने त्यात गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही आली.

पोकेमॉनमध्ये हवे ते पिल्लू मिळेपर्यंत खेळाडू अंड्यामागून अंडी उबवतात आणि नको असलेली सोडून देतात. तेथे ते पडद्यावरचे अंक आहेत. आपल्याकडे हाच हिशेब सोनोग्राफीच्या यंत्रावर झाला, आणि ते यंत्र चालवणारे हात आपल्या व्यवसायातील होते. हे बोलणे कटू असले तरी डॉक्टरांच्या स्मरणिकेत ते लिहिले नाही, तर कोठे लिहायचे?

खेळात नसलेला रकाना

खेळात नर, मादी आणि लिंगरहित असे तीनच रकाने आहेत. खऱ्या प्रसूतिगृहात कधी कधी असे बाळ येते, ज्याचे बाह्य अवयव पाहून मुलगा की मुलगी हे सांगता येत नाही. अशा वेळी घाईने एक उत्तर देऊ नये. त्यामागे जन्मजात अधिवृक्क ग्रंथींचा विकार असू शकतो, आणि त्यातील क्षार गमावणाऱ्या प्रकारात पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बाळाच्या जिवास धोका असतो. सोडियम-पोटॅशियम, संप्रेरके आणि गुणसूत्रे यांची तपासणी आधी, रकाना नंतर. आईवडिलांना "बाळ तुमचेच आहे, त्याला थोडा अभ्यास लागेल" एवढे धीराने सांगणे ही आपली पहिली चिकित्सा होय.

समारोप

वाचकहो, नियम जातीगणिक बदलतो. मगरीत उष्णता, मण्यारीत आणि कोंबडीत आई, मधमाशीत फलन, क्लाउनफिशमध्ये गटातील स्थान, पोकेमॉनमध्ये संगणकाचा अंक, आणि मनुष्यात बापाच्या शुक्राणूतील एक गुणसूत्र, तेही कोणाच्या इच्छेविना. आपल्या जातीचा नियम काय, हे प्रत्येक घरी ठाऊक असावे. डॉक्टर सभासदांना माझी विनंती आहे, की प्रसूतीनंतर नव्हे, तर पहिल्याच तपासणीच्या वेळी, शक्य तर सासूबाई सोबत असताना, हे चार वाक्यांत सांगावे. आणि घरातील मूल पोकेमॉन खेळत असेल तर त्याला नुसते रागावू नये. त्याला विचारावे, "तुझ्या चारमँडरच्या पिल्लाचं लिंग कोण ठरवतं?" ते उत्तर देईल. मग त्याला म्हणावे, "आता माणसाचं कसं ठरतं, ते तुला सांगतो."