कोरी चौकट

प्रस्तावना

आपण रोज वर्तमानपत्र चाळता, आकाशवाणीवरील बातम्या ऐकता, मोबाईलवर आलेले संदेश वाचता. जे छापले किंवा प्रसारित केले जाते ते आपल्यापर्यंत पोहोचते. जे अडवले जाते त्याची मात्र आपल्याला बहुधा वार्ताही नसते. प्रस्तुत पाठात अशा अडवलेल्या मजकुराचा विचार केला आहे. पाठ वाचताना कायद्याच्या कलमांपेक्षा त्यांच्याशी झगडणाऱ्या माणसांकडे अधिक लक्ष द्यावे.

मूळ पाठ

२८ जून १९७५ रोजी 'इंडियन एक्स्प्रेस' या दैनिकाने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. एरवी जिथे संपादकाचे मत वाचायला मिळे, तिथे त्या दिवशी नुसता पांढरा कागद होता. वाचकांना त्याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागला नाही.

त्याआधी तीनच दिवसांपूर्वी, २५ जूनच्या रात्री, देशात अंतर्गत आणीबाणी जाहीर झाली होती. पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या सल्ल्यावरून राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी घोषणेवर सही केली. त्याच रात्री दिल्लीतील बहादूरशाह जफर मार्गावरील वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडण्यात आली आणि पहाटेपर्यंत विरोधी पक्षांचे अनेक नेते अटकेत गेले. २६ जूनला सेन्सॉरशिप, म्हणजे प्रसिद्धीपूर्व तपासणी, लागू झाली. ठरावीक विषयांवरील मजकूर आधी अधिकाऱ्याला दाखवायचा, त्याने फुली मारली की तो गाळायचा, अशी ही व्यवस्था होती. कोरी जागा सोडणे हेही बोलण्यासारखेच आहे, हे सरकारच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. तीही सोडू नये, असे बजावण्यात आले. मौनाचीसुद्धा धास्ती वाटावी, ही सत्तेची मोठी विचित्र अवस्था म्हटली पाहिजे.

बोलण्याची वाट बंद झाली की भाषा आडवाटा शोधते. 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या निधनवार्तांच्या स्तंभात त्याच सुमारास एक छोटी जाहिरात छापून आली. डी. ई. एम. ओक्रसी नावाचे गृहस्थ २६ जून रोजी निवर्तले, असे त्यात म्हटले होते. त्यांच्या पत्नीचे नाव टी. रूथ आणि मुलाचे एल. आय. बर्टी असे दिले होते. आद्याक्षरे आडनावांना जोडून मोठ्याने वाचली की या नावांतून लोकशाही, सत्य आणि स्वातंत्र्य यांचे इंग्रजी शब्द उमटतात. तपासणाऱ्याच्या नजरेतून ही श्लेषयुक्त जाहिरात सुटली. आपल्याकडे कीर्तनकार आणि शाहीर यांनी अशा द्व्यर्थी बोलण्याचा आधार पूर्वीपासून घेतला आहे. तेव्हा मराठी वाचकाला या युक्तीचे नवल वाटू नये.

पण सर्वांनीच आडवाट धरली नाही. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाड येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षा होत्या लोकसाहित्याच्या व्यासंगी अभ्यासक दुर्गा भागवत. स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्रिमंडळातील ज्येष्ठ मंत्री यशवंतराव चव्हाण. मंत्री व्यासपीठावर, सरकारी दडपण सर्वत्र, आणि अशा वेळी दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याच्या गळचेपीचा उघड निषेध केला. आजारी असलेल्या जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहनही त्यांनी केले. जयप्रकाशांचे नाव घेणे त्या काळी किती जोखमीचे होते, हे आज सहज लक्षात येणार नाही. दुर्गाबाईंच्या मागे ना पक्ष होता, ना संघटना. पुढे त्यांना तुरुंगवास घडला.

न्यायालयांतही ही लढाई चालू होती. मुंबईहून निघणाऱ्या 'फ्रीडम फर्स्ट' या मासिकाचे संपादक मिनू मसानी यांनी, मजकूर गाळण्याच्या आदेशाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. फेब्रुवारी १९७६ मध्ये न्यायमूर्ती मदन आणि न्यायमूर्ती कनिया यांच्या खंडपीठाने निकाल दिला. सरकारला न आवडणारे मत एवढ्याच कारणावरून मजकूर अडवता येत नाही. नियमांत जी कारणे सांगितली आहेत तेवढ्यापुरताच हा अधिकार आहे, असा त्याचा आशय होता. बडोद्याच्या 'भूमिपुत्र' या गुजराती नियतकालिकालाही गुजरात उच्च न्यायालयात दाद मिळाली. ही दोन्ही नियतकालिके लहान होती. मोठ्या भांडवलाच्या अनेक वर्तमानपत्रांनी मात्र मुकाट्याने मान तुकवली, याची नोंद करणे आवश्यक आहे.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९७६ मध्ये, आणीबाणीत अटकेविरुद्ध न्यायालयाकडे दाद मागण्याचा हक्क उरत नाही, असे बहुमताने ठरवले. पाच न्यायमूर्तींपैकी एकट्या हंसराज खन्ना यांनी भिन्न मत नोंदवले. पुढील वर्षी ज्येष्ठता असूनही त्यांना सरन्यायाधीशपद मिळाले नाही.

येथे एक प्रश्न उभा राहतो. ज्याला दोन वेळच्या अन्नाची भ्रांत आहे, त्याला छापखान्यांच्या स्वातंत्र्याशी काय कर्तव्य? हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तर त्याच काळात सापडते. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. ठरवून दिलेला आकडा गाठण्यासाठी ठिकठिकाणी सक्ती झाली आणि तिची सर्वांत जास्त झळ गरिबांनाच लागली. ही वार्ता वर्तमानपत्रांत मोकळेपणाने येऊ शकत नव्हती. परिणामी एका गावचे दुःख दुसऱ्या गावाला कळेना, आणि राज्यकर्त्यांच्या कानांवरही गोड अहवालच पडत राहिले. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी हाच विचार दुष्काळाच्या संदर्भात मांडला आहे. नियमित निवडणुका आणि मुक्त वृत्तपत्रे असलेल्या देशात मोठा भूकबळीचा दुष्काळ पडत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. चीनमध्ये १९५८ ते १९६१ या काळात कोट्यवधी माणसे उपासमारीने मेली. तेथे अपयशाची बातमी वर पोहोचवणाराच गुन्हेगार ठरत होता.

भारतात मार्च १९७७ मध्ये निवडणूक झाली. सत्ताधारी पक्ष हरला, खुद्द पंतप्रधान रायबरेलीतून पराभूत झाल्या, आणि २१ मार्चला आणीबाणी उठली. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने 'अंतर्गत अशांतता' हे आणीबाणीचे मोघम कारण काढून त्याजागी 'सशस्त्र बंड' हे शब्द घातले. शब्द मोघम असला की सत्तेचा हात लांब होतो, हा धडा त्या दुरुस्तीमागे होता.

तो धडा पुरता पचला नाही, असेच म्हणावे लागते. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने ६६ अ हे कलम आले. संगणक किंवा मोबाईलवरून पाठवलेला मजकूर 'त्रासदायक' वा 'गैरसोयीचा' ठरला, तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. त्रास कुणाला आणि किती, याला मोजमाप नव्हते. नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी फेसबुकवर दोन ओळी लिहिल्याबद्दल पालघरच्या एका तरुणीला अटक झाली. तिच्या मैत्रिणीला तर तो मजकूर आवडल्याची खूण केल्याबद्दल अटक झाली! देशभर गदारोळ उठला आणि ते प्रकरण पुढे बंद झाले. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी निकाल लागून हे कलम रद्द झाले. तरीही काही पोलीस ठाण्यांत त्याखाली गुन्हे नोंदवले जातच राहिले. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये, या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नये, असे न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले.

इंटरनेटचे संपूर्ण दळणवळण बंद करणे हा त्याहून व्यापक उपाय. जम्मू-काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये ते बंद झाले आणि वेगवान मोबाईल सेवा सर्वत्र परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडले. मध्यंतरी, जानेवारी २०२० मध्ये, अशी बंदी बेमुदत घालता येणार नाही आणि तिचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. अफवांमुळे दंगल भडकते आणि माणसे मरतात, हे सरकारचे म्हणणे निराधार नसते. राज्यघटनेनेही वाजवी निर्बंधांना जागा ठेवली आहे. परंतु निर्बंध वाजवी आहे की नाही हे तपासायचे, तर त्याचा आदेश आधी वाचायला मिळाला पाहिजे.

चीनमधील वूहानच्या ली वेनलियांग या नेत्रतज्ज्ञाची हकिगत याच प्रकारची आहे. डिसेंबर २०१९ च्या अखेरीस त्यांनी आपल्या डॉक्टर मित्रांना एका नव्या संसर्गाविषयी खासगी संदेशातून सावध केले. ३ जानेवारी २०२० रोजी पोलिसांनी त्यांना बोलावून, खोटी माहिती पसरवल्याची समज देणाऱ्या कागदावर सही घेतली. त्याच संसर्गाने ७ फेब्रुवारीला त्यांचा मृत्यू झाला. पुढे चौकशी होऊन ती समज रद्द करण्यात आली.

१९७५ चा तपासनीस लाल पेन्सिल घेऊन बसत असे. त्याने गाळलेल्या मजकुराची निदान एक कोरी चौकट तरी कधीमधी वाचकापुढे येई. आजच्या पडद्यावर अशी चौकट राहत नाही. एक संदेश नाहीसा झाला, तर त्याच्या जागी लगेच दुसरा सरकतो, आणि वाचकाला पान भरलेलेच दिसते.

शब्दार्थ

अग्रलेख – संपादकाचे मत मांडणारा लेख
श्लेष – एकाच शब्दातून दोन अर्थ निघणे
व्यासंगी – सतत व सखोल अभ्यास करणारा
मोघम – नेमका अर्थ न सांगणारा

स्वाध्याय

१. कोरी जागा सोडणे हेही 'बोलण्यासारखेच' का होते? पाठाच्या आधारे लिहा.
२. 'अंतर्गत अशांतता' आणि 'त्रासदायक मजकूर' या शब्दप्रयोगांत कोणते साम्य आढळते?
३. आपल्या गावातील वा वस्तीतील एखादी अशी अडचण निवडा, जिची बातमी कोठेही आलेली नाही. ती सुमारे शंभर शब्दांत लिहून काढा.