खांब जमिनीलगतच का कुजतो?

प्रश्न : आमच्या गोठ्याचे बाभळीचे खांब वर ठणठणीत आहेत, पण जमिनीलगत काही वर्षांतच भुसभुशीत होतात. कुणी गाडीचं जळकं ऑइल लावायला सांगतं, कुणी डांबर. लाकडाचं औषध खरंच गुणकारी आहे का, हे तपासतात कसं?
– एक शेतकरी, श्रीरामपूर

उत्तर : तुमचे खांब बुरशी खाते आहे. तिला अन्न, पाणी आणि हवा एकाच जागी लागतात. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली असला की ती वाढत नाही, म्हणून वरचा खांब टिकतो. खोल जमिनीत ओल असते, पण हवा कमी पडते. जमिनीलगतच्या वीतभर पट्ट्यात मात्र दोन्ही मिळतात. त्यात प्रवरेच्या कालव्यांवर भिजणारी तुमच्याकडची काळी जमीन ओल धरून ठेवते आणि गोठा धुतल्याचं पाणी, गोमूत्र रोज त्याच पट्ट्यात मुरतं.

आता तपासणी. एकाच जातीच्या लाकडाचे साधारण दोन सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे सुकवून त्यांचं वजन करतात. मग त्यांना औषधाच्या चढत्या मात्रा देतात आणि काही तुकडे कोरेच ठेवतात. पावसात औषध टिकेल का हे कळावं, म्हणून औषध मुरवलेले काही तुकडे पाणी बदलत भिजवतात. नंतर सगळे निर्जंतुक करून, बुरशी वाढवलेल्या ओल्या मातीच्या बरण्यांत सुमारे १२ आठवडे ठेवतात. शेवटी पुन्हा सुकवून वजन. जितकं वजन घटलं, तितकं लाकूड बुरशीनं खाल्लं. ज्या मात्रेला ही घट जवळजवळ थांबते, ती औषधाची किमान मात्रा. कोरा तुकडा कुजलाच नाही, तर अख्खा प्रयोग बाद धरतात. कारण बुरशीच जोमात नव्हती, तर औषधाची परीक्षा झालीच कुठे?

जगभर गाजलेलं असं एक औषध आपल्याच देशात जन्मलं. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसम यांनी १९३३ मध्ये तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचं मिश्रण तयार केलं. तांबं बुरशी रोखतं. काही बुरश्या ऑक्झॅलिक आम्ल सोडून तांबं निष्प्रभ करतात. त्यांच्यासाठी आणि वाळवीसाठी आर्सेनिक. क्रोमियम या दोघांना लाकडात पक्कं बांधून ठेवतं. पण आर्सेनिक विषारी असल्यामुळे अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती वापराच्या बहुतेक लाकडांसाठी हे मिश्रण बंद झालं. गुरं खांब चाटतात, तेव्हा गोठ्यात ते नकोच. तसं लाकूड चुलीतही घालू नये.

जळकं ऑइल वरवरच राहतं आणि माती नासवतं. ओल्या खांबावर डांबर फासलं, तर आतली ओल आतच कोंडते. बोरॅक्स–बोरिक आम्ल तुलनेनं सौम्य, पण पाण्यात धुपून जातं. ते छपराखालच्या कोरड्या वाशांना योग्य.

खांबासाठी बाभळीचा तांबूस गाभा निवडा. बाहेरचा पांढुरका थर आधी कुजतो. आणि जुन्या वाड्यांतली रीत धरा : खांब मातीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा करा. ओल लाकडापर्यंत पोचलीच नाही, तर औषधाची गरजच उरत नाही.

तरीही एखादं औषध विकत घ्यावंसं वाटलं, तर आधी बांधाच्या ओलसर कडेला, गुरांपासून दूर, एकाच लाकडाच्या सहा खुंट्या रोवा : तीन औषधाच्या, तीन कोऱ्या. तारीख लिहून ठेवा आणि दर पावसाळ्यानंतर उपटून सुरीचं टोक खुपसून पाहा. औषधाच्या खुंट्या टिकल्या म्हणून लगेच विश्वास ठेवू नका. शेजारच्या कोऱ्या खुंट्या कुजलेल्या दिसल्या, की मगच पैसे मोजा.