दर्या खुला, धक्का बंद

करोनाच्या टाळेबंदीत कोकण किनाऱ्यावरच्या छोट्या मच्छीमाराचं कंबरडं मोडलं, त्याचं खापर आजही आपण विषाणूवर फोडून मोकळे होतो. मला हे निदान अपुरं वाटतं. टाळेबंदी २५ मार्च २०२० पासून लागू झाली आणि १० एप्रिलला केंद्रीय गृह मंत्रालयाने मासेमारी, मासळीची वाहतूक आणि विक्री यांना सूट दिली. कागदावर बंदी जेमतेम पंधरवडा टिकली. तरीही अनेक होड्या नांगरलेल्याच राहिल्या, कारण दर्यात जायची मुभा मिळाली म्हणून आणलेली मासळी खपतेच असं नाही. बर्फ मिळेना, गाड्या धावेनात, हॉटेलं आणि आठवडी बाजार बंद, निर्यातदारांची खरेदी आटलेली. खलाशांचेही हाल झाले. आंध्र प्रदेशातले हजारो खलाशी गुजरातच्या वेरावळ बंदरात एप्रिलअखेरपर्यंत अडकून होते. जाळं टाकणं हा या धंद्याचा अर्धा भाग. उरलेला अर्धा किनाऱ्यावर चालतो, आणि तुटला तो हाच.

त्यात वेळ वाईट. महाराष्ट्रात एरवी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांच्या कमाईवर कोळ्याचं घर पावसाळा काढतं आणि त्याच उन्हात बोंबील, जवळा वाळवून बेगमी होते. त्या वर्षी केंद्राने पश्चिम किनाऱ्यावरची बंदी ६१ दिवसांवरून ४७ दिवसांवर आणली, पण उन्हाळ्यात बुडालेला हंगाम पावसाळी समुद्रात कसा भरून निघणार? छोट्या नाखव्याची गोची आणखी वेगळी. डिझेल, बर्फ, जाळी यांसाठी त्याने दलालाकडून उचल घेतलेली असते आणि बदल्यात मासळी त्यालाच, बहुधा त्याच्याच भावाने द्यायची असते. अशा दलालाने खरेदी थांबवली की दुसरं गिऱ्हाईक उरत नाही, देणं मात्र उरतं.

यावर कुणी म्हणेल, ताजी खपत नव्हती तर सुकवायची. सगळीच मासळी सुकवण्याजोगी नसते. सुकवायला मीठ, वलांडी (मासळी वाळत घालायची बांबूंची मांडणी), जागा आणि ऊन लागतं, आणि सुकी मासळीही शेवटी बंद पडलेल्या बाजारातच न्यावी लागते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: अशी साथ शतकातून एकदा येते, तिच्यासाठी धंद्याची घडी का बदलायची? पण किनाऱ्याकडची ही साखळी तुटायला साथच लागते असं नाही. २०१९ मध्ये क्यार आणि महा या वादळांनी ऐन हंगामात होड्या अडवल्या होत्या. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ धडकलं आणि मे २०२१ मध्ये तौक्तेने पुन्हा तडाखा दिला. दोन वर्षांत चार वादळं आणि एक महामारी आली असताना हे सारं अपवाद म्हणून सोडून देता येणार नाही.

म्हणून माझं सांगणं असं की तयारी किनाऱ्यावर करा. सगळी मासळी एकाच दलालाला बांधून देऊ नका. उचल घ्यावीच लागली तर थोडा तरी माल मोकळा ठेवा. किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही आहे, ते हंगामाआधी काढून ठेवा. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बर्फाचे कारखाने, शीतपेट्या, विक्रीची वाहनं यांना अनुदान मिळतं आणि महिलांना ते ६० टक्क्यांपर्यंत आहे. एकट्याला हे जड वाटतं, म्हणून मच्छीमारांच्या सहकारी सोसायटीने पुढाकार घ्यायला हवा. सोसायट्या चार माणसांच्या हातात असतात ही तक्रार अनेकदा खरी असते. त्यावर उपाय वार्षिक सभेला हजर राहून हिशेब मागणं हा आहे, घरी बसणं नाही. सगळ्यात आधी कागद नीट करा. मदतीचा हिशेब प्रथम नौकेच्या नोंदीवरून होतो; डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकणाऱ्या बाईकडे परवाना किंवा ओळखपत्र नसेल तर तिला यादीत कोण शोधणार? नौकेच्या कागदांइतकीच घरच्या बाईच्या कागदांची काळजी घ्या आणि हे काम पुढचं संकट येण्याआधी, याच पावसाळ्याच्या बंदीत उरका.