उथळ जमीन आणि परसातील तंबाखू

वनस्पती आणि जमीन यांचे नाते अभ्यासावयाचे असेल, तर तंबाखूइतके बोलके झाड क्वचितच सापडेल. हलक्या जमिनीत ज्वारी किंवा भुईमूग पेरला, तर उत्पन्न घटते. परंतु दाणा हा दाणाच राहतो. तंबाखूचे तसे नाही. ज्या जमिनीत ती वाढते त्या जमिनीचे गुणदोष तिच्या पानात उतरतात आणि पान वाळल्यावरही ते टिकून राहतात. पानाची जाडी, रंग, कडकपणा आणि जळण्याची रीत पाहून जाणकार माणूस जमिनीविषयी बरेच काही सांगू शकतो. म्हणूनच परसातील चार झाडांची लागवड हाही एक अभ्यास होऊ शकतो. मात्र त्यासाठी आपली जमीन उथळ आहे म्हणजे नेमके काय आहे, हे प्रथम समजून घ्यावयास हवे.

ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांबरोबर ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली आणि दख्खनमध्ये रुजली. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेग या सरदाराने ती विजापूरहून अकबराच्या दरबारी नेली. आपल्याकडे लागवडीत असलेल्या जाती दोन. निकोटियाना रस्टिका ही बुटकी व जाड पानांची जात थंड हवा मागते, म्हणून ती उत्तर भारतात होते. विडी, सिगारेट, चिरूट आणि खाण्याची तंबाखू यांपैकी दक्षिणेत पिकते ती बहुतेक सर्व निकोटियाना टबॅकम या जातीची. तमिळ भाषेत तंबाखूला 'पुगैयिलै', म्हणजे धुराचे पान, असे अर्थवाही नाव आहे.

उथळपणाचे दोन प्रकार

उथळ जमीन म्हटली की महाराष्ट्रातील वाचकाच्या डोळ्यांसमोर माळ उभा राहतो. वीतभर माती, तिच्याखाली मुरूम आणि मुरुमाखाली काळा पाषाण. विडीच्या तंबाखूसाठी प्रसिद्ध असलेल्या निपाणीच्या परिसरात नदीकाठच्या खोल काळ्या जमिनी आहेत, तशाच चढावरच्या हलक्या जमिनीही आहेत. अशा हलक्या जमिनीत मुळांना खडक अडवतो. पाणी लवकर निचरून जाते आणि पाऊस थांबला की झाडाला तहान लागते.

दुसऱ्या प्रकारच्या उथळपणाचे उदाहरण म्हणून चेन्नईच्या दक्षिण भागातील पेरुंगुडी हे उपनगर घेता येईल. पश्चिमेस पळ्ळिकरणैची दलदल आणि पूर्वेस बकिंगहॅम कालवा यांच्यामध्ये ही सखल पट्टी पसरली आहे. येथे कुदळीला खडक लागत नाही, पाणी लागते. पावसाळ्यानंतर भूजलाची पातळी जमिनीच्या अगदी जवळ येते आणि समुद्राच्या सान्निध्यामुळे हे पाणी अनेक ठिकाणी मचूळ असते. माती कितीही खोल असली, तरी मुळांना वापरता येईल असा थर पाण्याच्या पातळीपर्यंतच असतो. म्हणजे ही जमीनही उथळच. फक्त तिचा तळ दगडाचा नसून पाण्याचा आहे आणि तो ऋतूबरोबर वर-खाली सरकतो.

या दोहोंतील फरक ओळखण्याची परीक्षा सोपी आहे. परसात हातभर खोल खड्डा खणावा. पहार खणकन वाजली, तर जमीन पहिल्या प्रकारची. खड्ड्यात तळाकडून पाणी झिरपू लागले, तर ती दुसऱ्या प्रकारची. पेरुंगुडीसारख्या ठिकाणी ही परीक्षा मे महिन्यात एकदा आणि डिसेंबरात एकदा करावी. उन्हाळ्यात कोरडा राहिलेला खड्डा ईशान्य मोसमी पावसानंतर काठोकाठ भरलेला आढळला, तर आश्चर्य वाटावयास नको.

मूळ लहान, पान कडक

तंबाखूचा कैफ ज्या द्रव्यामुळे येतो ते निकोटीन पानात तयार होत नाही; ते मुळांत तयार होते आणि रसाबरोबर पानांत चढते. विसाव्या शतकाच्या मध्यास केलेल्या कलमांच्या प्रयोगांनी ही गोष्ट सिद्ध झाली. टोमॅटोच्या मुळावर तंबाखूचे कलम केले, तर पानांत निकोटीन जवळजवळ आढळत नाही. उलट तंबाखूच्या मुळावर टोमॅटोचे कलम केले, तर टोमॅटोच्या पानांत ते साठते.

यावरून असे वाटेल की, उथळ जमिनीत मूळ लहान राहते, तेव्हा तंबाखूही सौम्य होईल. प्रत्यक्षात बहुधा उलट घडते. पाण्याचा ताण पडला की पान लहान व जाड होते आणि थोड्या जागेत निकोटीनचे प्रमाण वाढते. मात्र जमिनीत नत्रच नसेल, तर पान पातळ, फिके आणि निःसत्त्व निघते, कारण निकोटीनच्या घडणीला नत्र लागते. तात्पर्य, तहानलेले झाड आणि भुकेले झाड या दोन वेगळ्या अवस्था आहेत. उथळ जमिनीत त्या पुष्कळदा एकत्र येतात. नवखा मनुष्य पिवळे पान पाहून खत घालतो, पण वाळत असलेल्या मुळांना ते खत घेता येत नाही.

तिसरी अवस्था पेरुंगुडीसारख्या जमिनीची. मुळांभोवती पाणी साचले की त्यांना प्राणवायू मिळेनासा होतो. तंबाखू हे फार लवकर सहन करीनासे होते. दिवस-दोन दिवस पाणी तुंबले आणि त्यावर ऊन पडले, तर पाण्यात उभे असलेले झाड मान टाकते.

गादीवाफा

दोन्ही प्रकारच्या उथळ जमिनीवर उपाय एकच, आणि तो म्हणजे जमिनीत खाली न जाता माती वर उचलणे. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर उंच असा गादीवाफा चार झाडांना पुरतो. त्याला सुमारे 0.9 घनमीटर, म्हणजे एक टनाहून अधिक माती लागते. वाफ्याची लांबी उतारास आडवी ठेवली, तर माळावर ओल टिकते. सखल भागात ती उताराच्या दिशेने ठेवावी, म्हणजे पाणी अडत नाही. मातीत चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. चिकण मातीत थोडी जाड वाळू घालावी. ही वाळू समुद्रकाठची नसावी. याचे कारण पुढे येईल.

माळावरच्या शेतकऱ्याने शेतात मेंढरे बसविण्याची जुनी रीत आहे. तिचे मर्म हेच की, हलकी जमीन एकाच वेळी दिलेले भरपूर खत धरून ठेवू शकत नाही. तिला सेंद्रिय द्रव्य पुनःपुन्हा द्यावे लागते. परसातही खत एकदम न देता दोन-तीन हप्त्यांत द्यावे.

रोपे आणि हंगाम

तंबाखूचे बी अत्यंत बारीक असते. एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून अधिक दाणे भरतात. चार झाडांसाठी चिमूटभर बीही जास्तच होते. ते कोरड्या बारीक वाळूत मिसळून कुंडीच्या मातीवर भुरभुरावे व हलकेच दाबावे. वर माती टाकू नये, कारण या बियाला उगवण्यास उजेड उपकारक असतो. झारीने दिवसातून दोन-तीनदा हलके पाणी दिले, तर आठवडा-दीड आठवड्यात अंकुर दिसू लागतात. दाट रोपांत मर रोग झपाट्याने पसरतो, म्हणून विरळणी वेळीच करावी. कोकणात भातासाठी जमीन भाजून राब करतात, तसे तंबाखूच्या रोपवाटिकेतही करीत. त्याने मातीतील रोगबीजे आणि तणांचे बी जळून जाते. कुंडीपुरती माती लोखंडी घमेल्यात भाजून घेतली तरी काम भागते.

सहा ते आठ आठवड्यांत रोपे वीतभर उंच होतात. निपाणीकडे मोसमी पावसाच्या आरंभी बी टाकून पाऊस ओसरू लागताना लागण होते. चेन्नईत वर्षाच्या पावसापैकी निम्म्याहून अधिक ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. 2015 च्या डिसेंबरातील महापुराने दक्षिण चेन्नईच्या सखल वस्त्यांची काय दशा केली, ते सर्वश्रुत आहे. म्हणून पेरुंगुडीत नोव्हेंबरच्या मध्यास गच्चीवर आडोशाला रोपे तयार करावीत आणि जानेवारीत, पाण्याची पातळी उतरू लागल्यावर, संध्याकाळच्या वेळी 75 सेंटिमीटर अंतराने ती वाफ्यात लावावीत.

पाणी, क्षार आणि राख

आता क्षारांचा मुद्दा. तंबाखू क्लोराइड उत्सुकतेने शोषून घेते. पानात त्याचे प्रमाण वाढले की पान ओलसर राहते, काळपट पडते आणि धड जळत नाही. व्हर्जिनिया तंबाखूसाठी पाण्यातील क्लोराइड लिटरमागे सुमारे 50 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे असे मानतात. माणसाच्या जिभेला खारटपणा जाणवतो तो साधारणतः 200 मिलिग्रॅमच्या पुढे. म्हणजे जे पाणी आपल्याला गोड लागते, तेही या झाडाला खारे असू शकते. चव घेऊन विहिरीची परीक्षा करणे येथे व्यर्थ आहे.

पेरुंगुडीतील परसासाठी सुरक्षित पाणी पावसाचेच. तमिळनाडूत 2003 साली प्रत्येक इमारतीस पर्जन्यजल साठविण्याची व्यवस्था सक्तीची करण्यात आली. झाडाला दिवसाकाठी दीड-दोन लिटर पाणी धरले, तर चार झाडांना तीन महिन्यांत सुमारे साडेपाचशे ते सव्वासातशे लिटर लागते. हजार लिटरची एक टाकी त्यास पुरून उरते. खताच्या बाबतीतही हेच तत्त्व पाळावे. पालाश द्यावयाचे तर म्युरिएट ऑफ पोटॅश वर्ज्य करावे, कारण ते क्लोराइडच आहे. सल्फेट ऑफ पोटॅश वापरावे. चुलीतील लाकडाच्या राखेतही पालाश असते, परंतु ती अल्कधर्मी असल्याने मूठभरच घालावी.

क्लोराइडहून अधिक चिंतेची बाब कॅडमियमची. हा विषारी धातू जमिनीतून उचलून पानात साठविण्याची तंबाखूची शक्ती असाधारण आहे. पेरुंगुडीच्या दलदलीत शहराचा कचरा अनेक दशके टाकला गेला. 2022 साली पळ्ळिकरणै दलदलीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, तरी जमिनीत मुरलेले धातू दर्जा बदलल्याने नाहीसे होत नाहीत. म्हणून शहरी कचऱ्याचे खत किंवा कुठून तरी आणलेली भरावाची माती या वाफ्यात घालू नये. उथळ जमीन सुधारावयास गेलो आणि वीषच आणून घातले, असे होण्याचा संभव येथे खरा आहे.

खुडणी, कीड आणि शेजार

झाडावर कळ्या दिसू लागताच शेंडा खुडावा आणि नंतर पानांच्या बेचक्यांतून येणारे फुटवे दर आठवड्यास काढावेत. खोल जमिनीत विडीच्या तंबाखूवर अठरा-वीस पाने राखता येतात. उथळ वाफ्यात दहा-बारा पुरे. खुडल्यावर मुळे वाढतात आणि निकोटीनही वाढते.

पाने खाणाऱ्या अळीसाठी कडेला एरंडीचे एखादे झाड लावावे. पतंग त्यावर अंडी घालतात आणि ती पाने तोडून नष्ट करता येतात. खोडाजवळ हिरवेपणा नसलेला, निळसर-पांढऱ्या फुलांचा कोंब वर आला, तर तो बंबाखू समजावा. हे परोपजीवी तण मुळांतून अन्न शोषते. त्याचे बी जमिनीत वर्षानुवर्षे टिकते, म्हणून फुलण्यापूर्वीच ते उपटून जाळावे.

परस लहान असेल, तर शेजाराचा विचार सर्वांत महत्त्वाचा. वांगी, टोमॅटो आणि मिरची ही तंबाखूचीच भावंडे. तंबाखूचा केवडा रोग हाताच्या स्पर्शानेही त्यांच्यावर जातो. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमीही समान. तेव्हा तंबाखूच्या वाफ्यात लगेच भाजी लावू नये. एखादे तृणधान्य घ्यावे. जेथे घरच्या भाजीपुरतीच माती आहे, तेथे तंबाखूची चार झाडे म्हणजे वर्षभराची मिरची गमावणे होय.

पानाची साक्ष

खालची पाने पिवळी पडून त्यांवर ठिपके उमटले की ती काढून दोरीत ओवावीत आणि वारा खेळत्या सावलीत चार ते सहा आठवडे टांगावीत. ओल्या पानांना उघड्या हातांनी स्पर्श करू नये. दहिवरात किंवा पावसात पाने हाताळणाऱ्यांच्या कातडीतून निकोटीन शरीरात जाऊन मळमळ, ओकाऱ्या व घेरी येते. मुलांना या कामापासून दूर ठेवावे.

वाळलेल्या पानाची कड निखाऱ्याला लावून पाहावी. ठिणगी धुमसत पुढे सरकली, तर पालाश पुरेसे होते. ती विझली, तर क्लोराइड जास्त होते असे समजावे. एकाच घरातील दोन वाफ्यांना, एकास विहिरीचे व दुसऱ्यास पावसाचे पाणी देऊन ही परीक्षा केली, तर फरक डोळ्यांनी दिसतो. कॅडमियमची साक्ष मात्र निखारा देत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी.

'घरची ती शुद्ध' हा समज येथे लागू पडत नाही, हे शेवटी स्पष्ट सांगितले पाहिजे. कर्करोगास कारण होणारी नायट्रोसामाइन द्रव्ये पान वाळताना आणि मुरताना आपोआप तयार होतात. ती कारखान्यात मिसळलेली नसतात. घरच्या पानाची विडी किंवा चिमूट विकतच्या इतकीच घातक असते. दूषित वा क्षारयुक्त जमिनीतील पानात जमिनीचा दोषही भरीस पडतो. म्हणून ही चार झाडे लावावयाची तर जमीन वाचण्यासाठी लावावीत. निरीक्षणे वहीत टिपावीत, पाने व खोडे नष्ट करावीत आणि उंच केलेल्या त्या वाफ्यात पुढच्या हंगामी बाजरी किंवा नाचणी पेरावी. इतक्या कष्टाने वर उचललेली माती खरी उपयोगी पडते ती या धान्यालाच.