फटिक समजून घेताना

रवीन्द्रनाथ ठाकुरांची 'छुट्टी' ही बंगाली कथा १८९२ सालची. तिचा नायक फटिक हा तेरा-चौदा वर्षांचा खेड्यातील मुलगा. तो कसा आहे, असे विचारले की बहुतेक विद्यार्थी 'व्रात्य, मारकुटा, आईलाही न जुमानणारा' असे सांगून मोकळे होतात. हा निकाल कथेतील पुराव्यावर टिकतो काय, ते पाहू.

नदीकाठी पडलेला एक मोठा ओंडका लोटून देण्याचा बेत फटिक आखतो. धाकटा भाऊ माखन त्यावर जाऊन बसतो आणि काही केल्या उठत नाही. तेव्हा माखनसह ओंडका लोटला जातो. माखन पडतो, चिडून फटिकलाच मारतो, ओरबाडतो आणि रडत घरी जातो. या वेळी फटिकने हात उगारलेला नाही, हे ध्यानात ठेवावे. घरी आई त्याच्यावर भावाला मारल्याचा आरोप करते. तो नाकारतो आणि मोठ्या विश्वासाने माखनचीच साक्ष काढतो. माखन खोटे बोलतो. तेव्हा मात्र फटिक त्याला चपराक मारतो. आई फटिकला बडवते, आणि तो तिला ढकलतो. चपराक खरी, धक्काही खरा. पण त्यांच्या आधी एक खोटा आरोप आहे. घटनांचा हा क्रम नजरेतून सुटला, की फटिकही आपल्या हातून सुटतो.

काही वाचक अशा वेळी कथेबाहेर उत्तर शोधू लागतात. रवीन्द्रनाथ त्या काळात जमीनदारीच्या कामानिमित्त शिलाईदह, शहाजादपूर येथे नदीकाठी राहत असत. ही माहिती रंजक आहे. परंतु तिच्यामुळे फटिकच्या मनातील एकही गाठ सुटत नाही. कोणी म्हणतात, वडील नसलेली मुले अशीच असायची. फटिकची आई विधवा आहे, एवढे कथा सांगते. वडिलांच्या आठवणीने तो व्याकूळ होतो काय, याविषयी ती गप्प आहे. मग आपण का बोलावे?

पुढे मामा त्याला शिक्षणासाठी कलकत्त्यास नेतात. निघताना फटिक आपला गळ, पतंग आणि मांजाची फिरकी माखनला देऊन टाकतो. ज्याच्या खोटेपणामुळे मार खाल्ला, त्याच भावाला! मारकुटेपणाचा शिक्का मारणाऱ्यांनी हे वाक्य बहुधा वाचलेलेच नसते.

कलकत्त्यास मामीला तो नकोसा होतो. तिने एखादे काम सांगितले, की तो हर्षभराने सांगितल्याहून अधिक करतो आणि पुन्हा बोलणी खातो. शाळेत प्रश्नाला उत्तर न देता नुसता पाहत राहतो. अशा मुलाला आम्ही शिक्षक 'मठ्ठ' म्हणतो. पण मुले खेळू लागली, की हाच फटिक खिडकीशी उभा राहून दूरच्या घरांच्या गच्च्या न्याहाळतो. तेथे मुले खेळताना दिसली, की त्याचा जीव कासावीस होतो. त्याचे पुस्तक हरवते. मामी महिन्यातून पाच वेळा पुस्तके आणण्याबद्दल त्याला सुनावते. नंतर ताप भरतो, तेव्हा आपल्या दुखण्याचा मामीला किती जाच वाटेल, हीच त्याला धास्ती. तो घर सोडून निघतो. भर पावसात शोधाशोध होते आणि पोलीस त्याला चिखलाने माखलेला, थरथरत असलेला असा परत आणतात. हा पळपुटेपणा नव्हे. तो आईकडे निघाला होता, हे तो स्वतःच सांगतो.

तापाच्या भ्रमात तो पाण्याची खोली मोजणाऱ्या खलाशांसारखा ओरडू लागतो. किती वाव दोरी सोडली तरी तळ लागत नाही! हे बोलणे गूढ वाटते. पण कलकत्त्यास येताना आगबोटीवर त्याने खलाशांची हीच हाक ऐकली होती, असा खुलासा कथेतच आहे. घर सुटले त्या प्रवासातला तो आवाज आहे.

घरी केव्हा जायचे, असे त्याने पूर्वी विचारले होते. तेव्हा शाळेला सुट्टी लागली म्हणजे, असे मामा म्हणाले होते. ती सुट्टी कार्तिकातली. हे सारे घडते श्रावणात. तरीही आई उशाशी येताच, आपली सुट्टी झाली, असे फटिक तिला सांगतो. ही सुट्टी कोणती, ते विद्यार्थ्यांनी कथा पुन्हा एकदा वाचून आपल्या शब्दांत लिहावे.