दुखऱ्या अंगाचा नाच

प्रश्न : माझी भाची पुण्याला शिकते. दिवाळीत आली तेव्हा तिनं मोबाइलवर एक नाच दाखवला. एक बाई दोन कुबड्या घेऊन मंचावर आली आणि कुबड्यांवर अंग तोलून बराच वेळ नुसती थरथरत राहिली. ठेका नाही, हसू नाही, गोष्टही कळेना. भाची म्हणाली, ‘‘मावशी, याला डान्स थिएटर म्हणतात. अपंग, कायमचे आजारी, समलिंगी, तृतीयपंथी कलाकार यातून आपल्या शरीराबद्दल बोलतात.’’ मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. याला नाच का म्हणायचं? अपंगत्व आणि लैंगिकता या दोन वेगळ्या गोष्टी, त्यांची सांगड कशासाठी? आणि आपल्या विदर्भात असं काही आहे का?
— एक वाचक, पुसद, जि. यवतमाळ

उत्तर : वर्णनावरून वाटते की तुम्ही स्कॉटलंडच्या क्लेअर कनिंगहॅम यांचा ‘गिव्ह मी अ रीझन टू लिव्ह’ हा 2014 चा एकल प्रयोग पाहिला असावा. हाडे ठिसूळ होण्याच्या आजारामुळे त्या किशोरवयापासून कुबड्या वापरतात आणि त्या कुबड्यांतूनच त्यांनी आपली नृत्याची भाषा घडवली. हिएरोनिमस बॉश या जुन्या चित्रकाराने रेखाटलेले पांगळे भिकारी आणि नाझी राजवटीने ठार मारलेली अपंग माणसे, या दोन गोष्टी त्या प्रयोगाच्या मुळाशी आहेत. एवढे ठाऊक असले की ती थरथर वेगळी दिसू लागते. आपल्याला जगण्याचा हक्क आहे हे पटवून द्यायला एखाद्या शरीराने किती वेळ उभे राहून दाखवायचे, असे ती बाई आपल्यालाच विचारते आहे.

आता पहिला प्रश्न. जर्मनीतल्या वुपर्टाल शहरात पिना बाउश यांनी 1973 पासून नृत्यनाट्याला, म्हणजेच डान्स थिएटरला, नवे वळण दिले. ठरलेली पदन्यासाची चौकट सैल झाली. बोलणे, चालणे, पडणे, गप्प बसणे हे सगळे नाचात आले. आपल्याकडची दंडार हे लोकनाट्य पाहिलेल्या माणसाला याचे फार नवल वाटू नये. तिथेही नाच, गाणे, सोंग आणि संवाद एकाच रिंगणात चालतात. या बाउशबाईंसोबत दहा वर्षे नाट्यसल्लागार म्हणून काम करणारे राइमुंड होगे (1949–2021) हे तुमच्या प्रश्नाचे सर्वांत नेमके उदाहरण. ते उंचीने ठेंगणे होते, त्यांच्या पाठीला कुबड होते आणि ते समलिंगी होते. 1994 मध्ये ‘माइनवेर्ट्स’ या पहिल्या एकल प्रयोगात त्यांनी ती पाठ उघडी करून प्रेक्षकांसमोर धरली. प्रयोग होता योझेफ श्मिट या ज्यू गायकाबद्दल. श्मिट यांचा आवाज रेडिओने घरोघर पोहोचवला, पण उंची फार कमी म्हणून ऑपेराचा मंच त्यांना जवळजवळ बंदच राहिला आणि 1942 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या निर्वासितांच्या छावणीच्या काळात त्यांचा अंत झाला. त्यांच्या कहाणीला होगे यांनी स्वतःच्या काळातले, एड्सने गेलेल्या मित्रांचे दुःख जोडले. पुढे त्यांनी ‘स्वान लेक’सारख्या सुडौल देहांसाठीच समजल्या जाणाऱ्या बॅलेलाही हात घातला.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथेच सुरू होते. अपंग मूल आणि समलिंगी किंवा तृतीयपंथी मूल, दोघांनाही घरातून पहिली सूचना एकच मिळते : दुरुस्त हो. एकाला वैद्याकडे नेतात, दुसऱ्याला वैद्यापासून मांत्रिकापर्यंत सगळीकडे. पाहुणे आले की दोघांनाही आतल्या खोलीत बसवतात. अपंगाला इच्छा नसतातच असे समाज धरून चालतो, आणि समलिंगी माणसाला इच्छेशिवाय दुसरे काही नसतेच असेही धरून चालतो. ज्याच्या वाट्याला दोन्ही आले, त्याला दोन्ही बाजूंनी खोटे ठरवले जाते. मग तो शरीरच पुढे करतो. अ‍ॅलिस शेपर्ड आणि लॉरेल लॉसन या अमेरिकन नर्तिका ‘डिसेंट’मध्ये व्हीलचेअरवर नाचतात. त्यांचा मंच म्हणजेच मोठा, चढउताराचा रॅम्प आहे आणि गोष्ट आहे व्हीनस आणि अँड्रोमेडा या दोन स्त्रियांच्या प्रेमाची.

आजारपणाचीही यात जागा आहे. अमेरिकन नृत्यरचनाकार बिल टी. जोन्स यांचे जोडीदार आर्नी झेन 1988 मध्ये एड्सने गेले. जोन्स स्वतःही एचआयव्हीबाधित. गंभीर आजारांशी झुंजणाऱ्या माणसांच्या त्यांनी कार्यशाळा घेतल्या, त्या माणसांचे हातवारे आणि शब्द घेऊन 1994 मध्ये ‘स्टिल/हिअर’ रचले. आर्लीन क्रोची या नामवंत समीक्षिकेने प्रयोग न पाहताच त्यावर लेख लिहिला : अशा पीडितांच्या कलेची समीक्षा करता येत नाही, कारण प्रेक्षकाला दया दाखवण्यावाचून पर्याय उरत नाही. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. पण न पाहता लिहिल्यामुळे तो सिद्ध करायची संधी त्यांनीच घालवली. भारतात लैंगिकतेच्या प्रश्नावर नाच आणि कायदा एकमेकांना भेटले आहेत. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध कलम 377 मधून बाहेर काढले. तो खटला ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते नवतेजसिंग जोहर भरतनाट्यमचे नर्तक आहेत.

आता आपल्याकडे येऊ. अपंगत्व आणि नाच म्हटले की मराठी माणसाला सुधा चंद्रन आठवतात. 1981 च्या अपघातानंतर पाय गेला, जयपूर फूट बसवला आणि जानेवारी 1984 मध्ये त्या मुंबईच्या मंचावर परतल्या. ती जिद्द मोठीच. पण तिथे पाय पुन्हा पूर्वीसारखा नाचतो याचे कौतुक होते. कनिंगहॅम किंवा होगे यांना पूर्वीसारखे व्हायचेच नाही. पाठीचे कुबड, हातातली कुबडी, दुखणे यांतूनच हालचाल शोधायची, हा त्यांचा आग्रह.

विदर्भात अशा नाचाचे धागे वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात. वणीहून वर्धा नदी ओलांडली की वरोऱ्याचे आनंदवन. तिथे डॉ. विकास आमटे यांनी उभ्या केलेल्या ‘स्वरानंदवन’मध्ये कुष्ठमुक्त, अंध, मूकबधिर आणि अपंग कलाकार गातात, वाजवतात, नाचतात. दुसरा धागा खडी गंमत आणि दंडारीचा : लुगडे नेसून नाचणारा पुरुष आपल्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिला, त्याला दाद दिली आणि दुसऱ्या दिवशी पारावर त्याची टिंगलही केली. तमाशापटांत नाच्या रंगवणारे गणपत पाटील यांना त्या भूमिकेचा शिक्का घरादारापर्यंत सोसावा लागला. तिसरा धागा विदर्भाबाहेरचा, ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचा. ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ या 2012 च्या आत्मकथनात दम्यासारख्या दुखण्यांनी बेजार झालेले बालपण, नाचात सापडलेला मोकळा श्वास आणि त्या नाचावरूनच ‘बायकी’ म्हणून झालेली हेटाळणी, तिन्ही एकत्र येतात. तुमच्या प्रश्नाला मराठीत याहून जवळचे पुस्तक मला सुचत नाही.

आणि स्वतःच्या अंगावरचे दुःख स्वतः मंचावर उभे करण्याची रीत तर विदर्भानेही दाखवली आहे. श्याम पेठकर यांनी लिहिलेले आणि हरीश इथापे यांनी बसवलेले ‘तेरवं’ आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरच्या बायका स्वतः करत. त्यांतल्याच कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांच्या हस्ते जानेवारी 2019 मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन झाले. त्यांची भूमिका एखाद्या कसलेल्या नटीने अधिक सफाईने केलीही असती. पण प्रेक्षकाला नजर चुकवता येत नाही ती सफाईमुळे नव्हे. समोरची बाई हे जगून आली आहे, म्हणून.

शेवटी एक जवळची गोष्ट. विदर्भात सिकलसेल अनेक घरांत आहे. आईवडिलांकडून येणाऱ्या या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य कळा येतात. थंडी, अंगातले पाणी कमी होणे, अतिश्रम यांनी त्या उसळतात. बाहेरून मात्र मूल धडधाकट दिसते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत सिकलसेल आहे, तरी शाळेच्या स्नेहसंमेलनात अशा मुलाला ‘आळशी’ म्हणून मागच्या रांगेत ढकलले जाते. तालीम लहान तुकड्यांत घेतली, मध्ये पाणी आणि विसावा ठेवला, बसून करायच्या हालचाली नाचातच रचल्या, तर ते मूल पुढच्या रांगेत येऊ शकते. कनिंगहॅम आणि शेपर्ड करतात ते याहून फार वेगळे नाही. नाचणाऱ्याने नाचात मावायचे, की नाचाने नाचणाऱ्याला सामावून घ्यायचे, एवढाच हा वाद आहे.

तेव्हा भाचीला तो नाच पुन्हा लावायला सांगा. ‘बिचारी’ आणि ‘केवढी हिंमत’ हे दोन्ही शब्द बाजूला ठेवून फक्त हालचाल पाहा. आवडला नाही तर बेलाशक तसे म्हणा. नावडण्याचा हक्क प्रत्येक नाचाच्या प्रेक्षकाला असतो. आणि पुसदच्या एखाद्या कार्यक्रमाच्या आयोजकांत तुमचा शब्द चालत असेल, तर एक आग्रह धरा : सभागृहाच्या दाराला रॅम्प असतो, तसा मंचावर चढायलाही असू द्या. दारातला रॅम्प प्रेक्षकासाठी असतो, मंचावरचा कलाकारासाठी.